जपानी म्हातारा काय बोलला

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि नागपूरच्या त्या हॉलमधली लाइट गेली.

वरोऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवणारे घनश्याम डहारे सर तेव्हा खुर्चीच्या इतक्या टोकाला सरकले होते, की अंधार होताच ते खाली फरशीवर बसले. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस होता. जेवणानंतर माणसाला झोप येते, ही अडचण ओळखून आयोजकांनी त्या वेळेत एक जुना जपानी सिनेमा ठेवला होता, म्हणजे झोपेला निदान अंधार तरी मिळावा. सगळ्या हॉलने त्या सोयीचा लाभ घेतला. जागे राहिले ते एकटे डहारे सर, आणि तेही चुकून. त्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. डोळा लागला की खुर्ची कलायची.

असं जागं राहता राहता ते सिनेमात सापडले. सिनेमा काळापांढरा. त्यात घडत काहीच नव्हतं. लाकडी बादल्या बनवणारा एक म्हातारा, त्याची एक अबोल लेक, आणि फार वर्षांपूर्वी भांडून शहरात गेलेला मुलगा. तो मुलगा एका दिवसापुरता घरी येतो. बाप आणि मुलगा ओसरीवर शेजारी शेजारी बसून टरबूज खातात. बोलत नाहीत. मग वाळत घातलेले कपडे दिसतात. मग रिकामी खोली दिसते, तीही बराच वेळ, जणू बाकी कोणी बोलत नाही तर निदान खोली बोलेल. पुन्हा बाप, पुन्हा मुलगा, पुन्हा टरबूज. अखेर मुलगा उठतो, बूट घालतो, टोपी घेतो, दारात थबकतो. आणि अख्ख्या सिनेमात त्याच्याशी एक अक्षर न बोललेला बाप मान वर करतो, तोंड उघडतो, आणि लाइट जाते.

लाइट आली तेव्हा चहा आला होता, आणि चहानंतर 'मूल्यमापनाच्या नव्या दिशा' होत्या. सिनेमाचं कोणी नावही काढलं नाही. सरांनी सिनेमा दाखवणाऱ्या तज्ज्ञांना दारात गाठलं आणि विचारलं, "सर, तो म्हातारा काय बोलला?"

तज्ज्ञांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अशा चित्रपटांत शेवट महत्त्वाचा नसतो, डहारे. प्रवास महत्त्वाचा."

ऐकायला हे फार छान होतं. पण जो माणूस एकदा चंद्रपूरची समजून वणीच्या गाडीत बसला आहे, त्याला शेवटाचं महत्त्व कोणी शिकवायला लागत नाही. सरांनी निदान सिनेमाचं नाव तरी विचारलं. तज्ज्ञांनी पेन ड्राइव्ह काढला, त्यावरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "फिल्म तीन." तेव्हा सरांना कळलं, की अंधाराचा लाभ तज्ज्ञांनीही घेतला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला, गिरजाला, सगळी कथा सांगितली. ती कणीक मळत होती. सर दारात थबकलेल्या मुलापाशी येऊन थांबले, तसे तिचेही हात थांबले.

"मंग? का म्हणला तो?"

"तेच त माहीत नाई. लाइट गेली."

"असा कसा अर्धा सिनेमा पाहून आले तुमी? भाजीले पाठवलं त पिशवी घेऊन वापस येता."

"मले सिनेमाले नोतं पाठवलं. प्रशिक्षण होतं."

"मंग त अजूनच."

सरांना वाटलं विषय संपला. पण सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता गिरजा म्हणाली, "मले वाटते, माफी मागन तो." दुपारी शाळेत डबा उघडत होते तर तिचा फोन आला. "नाई. माफी नाई मागत. तसला बाप नाई दिसत तो." संध्याकाळी शेजारचा भूपेश कुंपणावरून म्हणाला, "सर, तुमच्या म्हाताऱ्याचं वैनीनं सांगितलं. मी पैजेवर सांगतो, त्याले ठसका लागला असन. टरबुजाची बी अटकते मानसाले."

भूपेश विजेच्या ऑफिसात होता. ज्या माणसाच्या हातात गावाचा उजेड असतो त्याला बाकीच्या विषयांतही थोडा अधिकार आहे असं वाटू लागतं. त्याने लगेच मोबाईल काढला. "नाव नसन त नसन. गोष्ट लिहा, मोबाईल सांगते." दोघांनी मिळून 'जपान बाप मुलगा टरबूज' असं लिहिलं. मोबाईलने चौकोनी टरबूज कसं पिकवावं हे दाखवलं. 'बादली' हा शब्द वाढवल्यावर प्लास्टिकच्या बादल्यांच्या जाहिराती आल्या, आणि त्या पुढे कित्येक दिवस सरांच्या मागे लागल्या. हवामान बघायला जावं तर बादली. मुलांच्या सहलीचा नकाशा काढावा तर झाकणासकट बादली.

शाळेतही बातमी गेली. आयुष्यभर जपानची राजधानी आणि ज्वालामुखी इमानेइतबारे शिकवलेल्या माणसाला स्टाफरूममध्ये 'जपानी सर' म्हणू लागले. सरांना राग त्या नावाचा नव्हता. राग याचा होता, की जो तो येऊन म्हणायचा, "सोडा न सर, सिनेमा होता," आणि जाता जाता दारातून वळून विचारायचा, "पण बोलला का असन जी तो?"

एका रविवारी भूपेशला नवी कल्पना सुचली. "सर, वाघ पाहाले जपानी मानसं येते. मोहर्लीच्या जंगलाच्या गेटवर उभे राहू. जपान्याचा सिनेमा जपान्याले नाई माहीत होणार त कोणाले होईन?"

सरांना हे आधी पटलं नाही. आपल्या गावच्या, चारगावच्या, प्रत्येक माणसाला तरी मराठी सिनेमे कुठे माहीत असतात? पण कुतूहल ही अशी खाज आहे, की हात जिथे पोचत नाही तिथेच ती सुटते. दोघे मोटारसायकलवर मोहर्लीला गेले. गेटवरच्या माणसाने विचारलं, बुकिंग आहे का? नाही. मग वाघ दिसणार नाही. आम्हाला वाघ नको, जपानी पाहिजे, असं भूपेशने सांगितलं. गेटवरच्या माणसाने दोघांकडे असं पाहिलं, की सरांनी खिशातलं शाळेचं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं.

सकाळच्या जिप्सी बाहेर येऊ लागल्या, तेव्हा नशिबाने एकीत एक वयस्कर जपानी गृहस्थ निघाले. वाघ न दिसल्यामुळे ते जरा कोमेजले होते. त्यांचा गाइड, मोडकंतोडकं जपानी येणारा लालसू, ओळखीचा निघाला. त्याच्या मध्यस्थीने सरांनी इंग्रजीत सगळा सिनेमा सांगितला. रिकामी खोली सांगितली. कपडेसुद्धा सांगितले. गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कमरेत वाकले आणि म्हणाले, की त्या काळचे आमच्याकडचे बरेच सिनेमे असेच आहेत. आमच्या घरातही असंच होतं.

सरांचा चेहरा पडला. तो बघून गृहस्थांनी विचार केला, फोन काढला आणि थेट जपानात आपल्या आईला लावला. आई नव्वदीच्या पुढची. तिला बादल्या म्हणताच सिनेमा आठवला. मग तिने उलट तपासणी सुरू केली. हे विचारणारे कोण आहेत? सिनेमात टरबूज होतं का? कोणत्या महिन्यात? गृहस्थ फोनवर, सर उत्तरं देण्यात, लालसू भाषांतरात. तेवढ्यात गेटजवळच्या लहान तळ्यावर, बोडीवर, मागून एक वाघीण आली, निवांत पाणी प्यायली, आणि सगळ्या जिप्सींना पुरेसे फोटो देऊन झुडपात गेली. ही मंडळी पाठ करून उभी होती. मागे वळली तेव्हा फक्त हललेलं पाणी दिसलं.

गृहस्थांना केवढं वाईट वाटलं असेल. पण त्यांनी सरांच्या हाताच्या तळव्यावर इंग्रजी अक्षरांत सिनेमाचं नाव लिहून दिलं आणि पुन्हा वाकले. सर त्यांच्यापेक्षा जास्त वाकले. शेवट मात्र आईने सांगितला नाही. "ती म्हणते," लालसूने भाषांतर केलं, "तो पाहाची गोष्ट आहे, सांगाची नाई."

नाव मिळालं. मोबाईलवर त्या नावाचं एक हॉटेल, एक मलम आणि एक कुत्र्याचं पिल्लू सापडलं, सिनेमा नाही. पण नागपूरच्या एका चित्रपट मंडळाकडे तो निघाला. मंडळाचे चिटणीस फोनवर फार गोड बोलले. चित्रपट जरूर देऊ, फक्त एक नियम आहे. मंडळाचा चित्रपट घरात एकट्याने पाहायला देत नाही. सार्वजनिक कार्यक्रम करा, लोकांना दाखवा, आणि नंतर चर्चा घ्या.

"मला फक्त शेवट पाहायचा आहे हो," सर म्हणाले. "शेवटची पाच मिनिटं."

"डहारे सर," चिटणीस दुखावले, "चित्रपट म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

झालं. एका म्हाताऱ्याचं एक वाक्य ऐकायला आता गाव गोळा करणं आलं. वरोऱ्यातले सगळे हॉल लग्नांनी धरलेले. शाळेत हेडमास्तर म्हणाले, सुट्टीत शाळा उघडायची तर वर विचारावं लागेल, आणि 'वर' कोण याचा शोध अजून चालू आहे. तेव्हा गिरजानेच सुचवलं, "चारगावले दाखवा. समाजमंदिर रिकामंच असते. माय-बाबाइलेही पाहाले भेटन."

चारगाव म्हणजे सरांचं गाव. सिंदेवाहीच्या बाजूला, मोठ्या तळ्याच्या काठी. सरांचे वडील सोमाजी त्या तळ्यात मासे धरत, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या लावत म्हातारे झाले. आई रुखमाबाई मासे विकत. चारगावात सिनेमा दाखवायला एकच अडचण होती, आणि ती सरांच्या अंगणातच राहत होती. सोमाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ रामाजी सरांच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं असं. वरात निघायच्या वेळी कोणाच्या तरी लक्षात आलं, की नवरदेवाचं बाशिंग घरीच राहिलं. रामाजी ते आणायला पळाले. बाशिंग घेऊन धावत आले तर गाडी निघालेली. त्यांनी तळ्याच्या पाळीवर चढून हात केला, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोमाजींनी गाडीतून तो हात पाहिला, उलट आपलाही हात हलवला, आणि गाडी गेली. सरांचं लग्न उसन्या बाशिंगावर लागलं. सोमाजींनी या गोष्टीवर कधीच तोंड उघडलं नाही. रामाजींनीही मग उघडलं नाही. एका अंगणात दोन घरं, तळ्यात एकच डोंगा. एक वल्हवायचा, दुसरा जाळं टाकायचा, आणि अबोला दोघांच्या मधल्या फळीवर बसून असायचा. रामाजींची बायको वारल्यावर रुखमाबाईंच्या भाजीची वाटी रोज त्यांच्याकडे जाऊ लागली. तीही जायची ती "त्याले दे" एवढ्याच पत्त्यावर.

गिरजाने सासऱ्यांना सिनेमाचं सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "तो येऊन राह्यला का?"

"नाई जी. काका म्हणते, मले नाई जमत."

मग ती रामाजींकडे गेली आणि त्यांनाही तेच सांगितलं, फक्त माणूस बदलून. अंधार झाल्यावर आत नेऊन बसवलं, की कोण कुठे ते कोणाला कळणार आहे, असा तिचा हिशेब होता.

ग्रामसेवकाकडे गेल्यावर नवा पेच पडला. कार्यक्रम करमणुकीचा की प्रबोधनाचा? करमणुकीचा असेल तर पोलिसांना कळवावं लागेल. प्रबोधनाचा असेल तर वक्ता पाहिजे. सरांनी प्रामाणिकपणे करमणूक सांगितली आणि ठाण्यात गेले. जमादारांनी खुर्ची दिली.

"जपानी म्हणता. कलाकार किती येऊन राह्यले?"

"कोणी नाही. सिनेमा आहे."

"तसं नाई जी. परदेशी मानूस आला त कळवा लागते. मुक्काम कुठी आहे त्याइचा?"

"साहेब, सिनेमा फार जुना आहे. ते सगळे कधीच वारले असतील."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. "अरे. मंग हे तुमी पहिले काऊन नाई सांगितलं? श्रद्धांजली आहे म्हणा न. श्रद्धांजलीले परवानगी नाई लागत."

त्यामुळे चारगावच्या समाजमंदिरावर कापडी फलक लागला, 'जपानमधील दिवंगत कलावंतांना भावपूर्ण श्रद्धांजली'. ग्रामसेवकांनी पडद्याला झेंडूचा हार घातला. गावातल्या निम्म्या लोकांना वडशाहून नाटक कंपनी येते आहे असं कळलं होतं आणि निम्म्यांना कोणीतरी गेलं आहे असं. त्यामुळे काही बाया नवी लुगडी नेसून आल्या आणि काही जण दुखवट्याला यावेत तसे मान खाली घालून. भर दुपार, ऊन तापलेलं. खिडक्यांना धानावर टाकायच्या काळ्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. आत भट्टी पेटली होती, पण हलायला कोणी तयार नव्हतं. प्रोजेक्टर भूपेशने आणला होता. "लाइटची जबाबदारी माही," असं तो म्हणाला होता, आणि आधी सांगून टाकतो, लाइट शेवटपर्यंत गेली नाही. नुकसान व्हायला दर वेळी लाइटच जावी लागते असं नाही.

सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून मौन पाळलं. मग सिनेमा सुरू झाला, पण मौन संपल्याचं लोकांच्या लक्षात आलं नाही, कारण पडद्यावरही कोणी बोलत नव्हतं. मंडळी उभीच. अखेर सरांना माइकवरून "बसा" सांगावं लागलं.

सिनेमाच्या खाली इंग्रजी ओळी येत होत्या. त्या वाचून मराठीत सांगायचं काम सरांनी घेतलं होतं. त्यांनी तयारीही केली होती. जपानी लेक बापाला काही बोलली, तसे सर माइकमध्ये म्हणाले, "तात, आज उष्मा अंमळ अधिक जाणवत आहे."

मागून आवाज आला, "सर, मराठीत सांगा जी."

सरांचे कान तापले. पुढच्या ओळीला त्यांनी शब्द शोधेपर्यंत ती ओळ गेली, आणि तिसरी आली तेव्हा दुसरीच अर्धी तोंडात होती. पुढे चटईवर बसलेल्या रुखमाबाईंनी शेजारणीला हळूच समजावून सांगायला सुरुवात केली. "ते पोरगी म्हंते का, भाऊ येऊन राह्यला, बाबा, आता त बोल त्याच्यासंग." शेजारणीने ते मागे सांगितलं. मागच्यांनी म्हटलं, माय, जोरानं सांग. थोड्याच वेळात अख्खं समाजमंदिर रुखमाबाईंचं ऐकू लागलं आणि माइक हातात धरून सर उगाच उभे राहिले.

रुखमाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा त्यांचं बरंचसं चुकत होतं. बाप लेकीशी बोले आणि खाली ओळ येई, की वारा आज पूर्वेकडून आहे. रुखमाबाई म्हणत, "तो म्हंते, बहीण लग्नाची झाली अन तू तिकडे मजेत." खाली लिहून येई, की बादल्या आता कोणी घेत नाही. त्या म्हणत, "विचारून राह्यला, सून काऊन नाई आणली?" सरांनी एकदोनदा खोकून दुरुस्ती सुचवली. पण रुखमाबाईंच्या सिनेमात जास्त घडत होतं, म्हणून लोकांनी तोच घेतला. सरसुद्धा मधूनच वाचायचं विसरून आईचं ऐकू लागले.

रिकामी खोली आली, तेव्हा कोणी म्हणालं, मशीन अटकली. "अटकली नाई," रुखमाबाई म्हणाल्या. "त्याची बायको बसत होती तिथी."

मग टरबूज आलं. नदीच्या रेतीत टरबुजं पिकवणारं गाव ते. जपानी म्हाताऱ्याने सुरी चालवली तशी खोली जागी झाली. अंधारात डावीकडून रामाजींचा आवाज आला, "कच्चं आहे. ठोकून नाई पाह्यला त्यानं."

उजवीकडून सोमाजी बोलले, "कच्चं नाई. जातच तशी आहे ते."

दोघेही एकदम गप्प झाले. माइक तेवढा शिट्टी वाजवत राहिला. गिरजाने अंधारात सरांचं मनगट धरलं.

सिनेमा पुढे गेला. मुलगा उठला, बूट घातले, टोपी घेतली, दारात थबकला. सर माइक तोंडाशी नेऊन श्वास धरून उभे राहिले. बापाने मान वर केली, तोंड उघडलं.

"बोल आता," रामाजी पडद्याला म्हणाले. "पोरगं चाललं."

"तो काऊन बोलन?" उजवीकडून सोमाजी. "गेला कोण होता? पोरगाच न."

"जाणाऱ्याले अडवा लागते. हात करून करून थकला असन तो."

"हातानं का समजते मानसाले? तोंड दिलं न देवानं."

"तोंडानंच बोंबललो मी. बँड वाजून राह्यला होता."

आता हे जपानचं राहिलं नव्हतं. सगळ्या माना पडद्याकडून वळल्या. सरांचीही वळली.

"मले आवाज नाई आला," सोमाजी म्हणाले. "हात दिसला."

"दिसला न? आज कबूल झाला. मंग गाडी काऊन नाई थांबवली?"

सोमाजी चटईवर जरा सरकून बसले.

"मले वाटलं, तू निरोप देऊन राह्यला."

"निरोप? लग्नाले निघालेला मानूस निरोप काऊन देईन?"

"तेच मले रस्ताभर समजून नाई राह्यलं."

मग गिरजा हसली. तिने तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता. तिच्या मागून बाया हसल्या, भूपेश हसला, आणि मग डाव्या कोपऱ्यातून खोकल्यासारखा एक आवाज सुरू झाला, तो रामाजींचा होता. ते हसताहेत की काय, हे बघायला सोमाजी उठून अंधारातून चाचपडत तिकडे गेले, आणि कोणाच्या तरी पायावर पाय पडल्यामुळे तिथेच, भावाच्या चटईवर, बसले.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे जपानी अक्षरं होती आणि संगीत वाजत होतं. म्हातारा बोलून गेला होता. नागपुरात लाइट गेली होती, इथे लाइट असून माणसांनी पाठ केली होती. पण या वेळी त्यांना आधीसारखी तगमग झाली नाही. ते बापाकडे आणि काकाकडेच बघत राहिले.

"अन तो का म्हणला?" रुखमाबाईंनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. मग सगळा गाव एकदम जपानात परत गेला. भूपेशने सिनेमा मागे घेतला. मुलगा पुन्हा बसला, पुन्हा उठला, पुन्हा टोपी घेतली. आता कोणी खोकत नव्हतं. बापाने मान वर केली, तोंड उघडलं, आणि अगदी हलक्या आवाजात तीनचार शब्द बोलला. खाली ओळ आली. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. रुखमाबाईंनीसुद्धा. हे एवढं त्यांनी मुलासाठी सोडलं होतं.

सरांच्या मनात 'उष्मा' आला होता, तो त्यांनी गिळला.

"तो म्हंते," ते माइकमध्ये म्हणाले, "ऊन तापून राह्यलं. उतरल्यावर जाजो."

पडद्यावरचा मुलगा जरा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी काढली आणि उंबऱ्यावर बसला. बाप पुन्हा बादलीला पट्टी ठोकू लागला. तेवढंच.

"बस?" मागून कोणीतरी विचारलं.

"बसला न तो," रामाजी म्हणाले.

"बसन नाई त का," सोमाजी म्हणाले. "एवढ्या उन्हात."

लोक बराच वेळ उठले नाहीत. बाहेरही ऊनच होतं. ताडपत्र्या सोडल्या तसा उजेड आत आला आणि सगळे डोळे चोळू लागले, ते उजेडाने की आणखी कशाने हे कोणी कोणाला विचारलं नाही. गिरजाने सरांना विचारलं, आता झालं का समाधान? सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "पण मले वाटते, त्याच्या मनात दुसरंच होतं बोलाचं." गिरजा म्हणाली, "होतंच. उन्हाचं कोण बोलते?" आणि वरोऱ्याला पोचेपर्यंत पुरेल असा नवा विषय निघाला.

रुखमाबाई घरी जाऊन चूल पेटवायच्या घाईत होत्या. जाता जाता त्यांनी सरांना सांगितलं, दोघाइले जेवाले बोलाव, मरळ मासा शिजवते.

दोघे भाऊ समाजमंदिराच्या पायरीवर चपला शोधत उभे होते. हातभर अंतर होतं. सरांनी निरोप सांगितला. रामाजींनी भावाकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पुतण्याकडे वळून म्हणाले, "बापाले सांग, हात-पाय धुवून येतो म्हणा."

सोमाजी सरांना म्हणाले, "त्याले सांग, लवकर ये म्हणा. गरम गरम खाऊ."

सर मध्ये उभे होते. त्यांनी डावीकडचं उजवीकडे सांगितलं आणि उजवीकडचं डावीकडे, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.